हलगी आणि सिम्फनी

शाळेच्या वाद्यपथकात साइड ड्रम व बिगुल यांच्या जोडीला हलगी असावी, असा विचार आम्ही पालकसभेत मांडला, तेव्हा एक ज्येष्ठ पालक उठून म्हणाले, "सर, ती हलगी आमच्या वडिलांनी फेकून दिली होती. ती तुम्ही पुन्हा पोरांच्या गळ्यात अडकवता?"

प्रश्न रास्त होता. गावकीच्या काळात हलगी ही वादकाची कला मानली जात नसे; ते त्याच्यावर लादलेले काम होते. मिरवणुकीत त्याने पुढे चालायचे आणि पंगतीच्या वेळी दूर बसायचे. १९२७ च्या महाड परिषदेनंतर आपल्या कुलाबा जिल्ह्यात स्वाभिमानाची जी लाट उसळली, तिच्यात अनेकांनी गावकीच्या कामांबरोबर वाजवणेही सोडले. तो त्याग आम्हांस वंदनीय आहे.

परंतु त्यांनी नाकारली ती सक्ती. वाद्याला स्वतःची जात नसते. समाज ती त्याला चिकटवतो. इतिहास याची साक्ष देतो. सिम्फनीतील टिंपनी ही अरब-तुर्की नगाऱ्याची वंशज. मोठा ढोल, झांजा आणि ट्रँगल हे तुर्की लष्करी वाद्यवृंदांच्या प्रभावाने युरोपीय संगीतात आले व १८२४ साली बेथोव्हनच्या नवव्या सिम्फनीत सन्मानाने वाजले. अमेरिकन संगीतकार स्टीव्ह राइश १९७० मध्ये घानात ढोलवादन शिकले आणि १९७१ मध्ये त्यांनी मुख्यतः तालवाद्यांवर उभी असलेली 'ड्रमिंग' ही दीर्घ रचना पूर्ण केली.

आपल्याकडेही हा संगम नवा नाही. गोव्याच्या मांडोत मातीचे घुमट व्हायोलिनला साथ करते. करंजाच्या कोळीवाड्यात हळदीला ट्रम्पेट आणि ढोल एकत्र वाजतात, त्याचे कुणाला नवल वाटत नाही. आंबेडकरी जलशांनी ढोलकीशेजारी मूळ युरोपातली पेटी ठेवून समतेचा विचार गावोगाव नेला. स्वतः बाबासाहेबांनी उतारवयात व्हायोलिन हाती घेतले. २०१६ च्या 'सैराट'साठी अजय-अतुल यांनी लॉस एंजेलिस येथे सिम्फनी वाद्यवृंद ध्वनिमुद्रित केला आणि आपल्या मातीचा ठेका त्याच्या बरोबरीने उभा राहिला.

बरोबरीने, हाच शब्द महत्त्वाचा. व्हायोलिनने गंभीर भाव व्यक्त करायचा आणि हलगीने फक्त गोंगाट पुरवायचा, असा संगम म्हणजे जुनीच उतरंड. म्हणून आम्ही हलगीचा ठेका प्रथम मुलांकडून तोंडाने म्हणवून घेतो. मग तो पाश्चात्त्य पद्धतीने एका आडव्या रेषेवर लिहून घेतो. जाड काठीचा आघात रेषेखाली, बारीक काठीचा रेषेवर. आजवर केवळ कानांवर जगलेला ठेका कागदावर उतरला की साइड ड्रम वाजवणाऱ्या मुलालाही तो वाचता येतो आणि त्यातील अवघडपणा उमगतो.

आमच्या अटी तीनच. हलगी कोणत्याही समाजाच्या मुलामुलींनी शिकावी. कोणावरही तिची सक्ती नसावी. आणि कार्यक्रमपत्रिकेवर गायकाचे नाव ज्या आकारात छापले जाते, त्याच आकारात हलगीवादकाचेही छापावे. या अटी पाळल्या, तर पूर्वजांनी फेकलेले जोखड फेकलेलेच राहील, आणि त्यांच्या बोटांतली विद्या मात्र मुलांच्या हाती येईल.