राजगड ते तोरणा, ढग पाठीशी

ऑक्टोबरात राजगड-तोरणा एका दिवसात करायचा तर गुंजवण्यातून पहाटे चारला निघायचं, यावर आमच्यात दुमत नव्हतं. हवामान विभागाचा पिवळा इशारा होता, दुपारनंतर विजांच्या कडकडाटासह पाऊस. म्हणजे सकाळ तेवढी आपल्या हातात. मी, माझा डोंगरातला जुना सोबती आणि कॉलेजात शिकणारी भाची, असे तिघं विजेऱ्यांच्या उजेडात चोर दरवाजाच्या वाटेला लागलो.

पद्मावती माचीवर पोचलो तेव्हा तळ्याच्या पाण्यात नुकतं उजाडत होतं. सईबाईंच्या समाधीपाशी थांबून, बालेकिल्ल्याचा खडा चढ उन्हाआधी उरकून संजीवनी माचीकडे वळलो. ही माची मी कधीच घाईनं ओलांडत नाही. तीन टप्प्यांत उतरत गेलेली तिची धार, बुरुजांना बाहेरून घातलेली चिलखती तटबंदी आणि दोन भिंतींच्या मधली ती अरुंद, थंडगार वाट. डोंगराची सोंड जशी वळते तशीच बांधकामाची रेघ वळवणाऱ्या त्या हातांबद्दल मला दर वेळी नव्यानं आदर वाटतो. तोरण्यावर सापडलेल्या धनातून राजगड उभा राहिला असं सांगतात. संजीवनीच्या टोकावरून पश्चिमेला तोरणा पाहिला, की हे दोन गड एकमेकांसाठीच आहेत हे पटतं. आज त्या तोरण्याच्या माथ्यावर ढगाचा ठिपकाही नव्हता. भाची म्हणाली, "मामा, इशारा फुकट गेला!"

आभाळ एवढं निळं असताना सावध राहणं अवघड असतं. पण परतीचा पाऊस जुलैसारखा वागत नाही. जुलैत ढग समुद्रावरून, पश्चिमेकडून येतात. दिवसभर धुकं, वारा, भुरभुर, आणि विजा फारशा नाहीत. ऑक्टोबरात वारा पडतो, ऊन तापतं, भिजलेल्या जमिनीची वाफ वर चढते आणि दुपारपर्यंत ढग उभे वाढतात. पुण्याच्या या बाजूला ते बहुतेकदा पूर्वेकडून सरकत येतात. आणि राजगडाहून तोरण्याला जाणारा माणूस सारा वेळ पश्चिमेकडे तोंड करून चालतो. समोर निळं आभाळ पाहून तो खूश असतो, ढग त्याच्या पाठीशी वाढत असतो. म्हणून आम्ही ठरवूनच टाकलं होतं, प्रत्येक विसाव्याला मागे वळून पुरंदरच्या दिशेला बघायचं.

अळू दरवाजातून बाहेर पडलो. घसाऱ्याची उतरण, मग कारवीची दाटी, मग सोनकीनं पिवळा झालेला उघडा दांड. डावीकडे खाली भाटघरचं पाणी चमकत होतं. खिंडीतल्या डांबरी रस्त्यावर आलो तेव्हा साडेअकरा होत होते. वळून पाहिलं. राजगडाच्या पलीकडे फ्लॉवरच्या गड्ड्यासारखा एक पांढराशुभ्र ढग वर आला होता. कडा अगदी रेखीव, आणि बघता बघता त्याची उंची वाढत होती.

"रस्ता इथंच आहे, उतरून जायचं का?" सोबत्यानं विचारलं. प्रश्न योग्य होता. या वाटेवर सुखानं माघार घ्यावी अशी जागा हीच. आम्ही ठरवलं, वरच्या धनगरवाड्यापर्यंत जायचं आणि तिथं पुन्हा बघायचं.

वाड्यावरच्या आजींनी पाण्याचा तांब्या पुढे केला आणि आमच्या मागे बोट दाखवलं. "म्होरं जाऊ नका आता. पाठीमागं काळं झालंय बघा. वर सोंडंवर ईज लई पडती."

ढगाचा तळ आता शाईसारखा झाला होता आणि माथा सपाट पसरला होता. राजगडाचा बालेकिल्ला दिसेनासा झाला. पुढची वाट उघड्या धारेवरून बुधला माचीला जाते आणि तिथं कातळावर लोखंडी शिडी आहे. विजेच्या वेळी त्या शिडीवर माणूस असता कामा नये, बस. आम्ही सॅक उतरवल्या.

पहिली वीज चमकली तेव्हा भाचीनं आकडे मोजायला सुरुवात केली. आवाजाला एक किलोमीटर यायला साधारण तीन सेकंद लागतात. सुरुवातीला पंधरा सेकंद, मग नऊ, मग चार. मग प्रकाश आणि आवाज एकदमच आले, करडं उठून कोपऱ्यात दाटली आणि तिचं मोजणं थांबलं. आम्ही दारापासून दूर, सारवलेल्या जमिनीच्या मधोमध पाय जवळ घेऊन बसलो होतो. पत्र्यावर पावसाचा असा मारा, की शेजारच्याचं बोलणं कळेना. मला खरंच भीती वाटत होती, आणि जिथं बसलो होतो त्या जागेबद्दल मनापासून कृतज्ञताही. आजींनी चुलीवर चहा ठेवला. त्यांच्या दृष्टीनं ती रोजचीच दुपार होती.

तीन वाजता पाऊस थांबला तरी आम्ही निघालो नाही. शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास शांत जायला हवा; मध्ये एकदा लांबून घुमलं आणि मोजणी पुन्हा सुरू झाली. अखेर निघालो तेव्हा पूर्वेकडे राजगड धुऊन काढल्यासारखा स्वच्छ दिसत होता आणि काळोखी पश्चिमेला सरकली होती. ओली धार सावकाश पार केली. शिडीवर एका वेळी एकच जण. बुधल्यावर आलो तेव्हा सूर्य टेकला होता. मेंगाई देवीच्या देवळात दिवा लावला, विजेऱ्या पुन्हा डोक्यावर चढवल्या आणि बिनी दरवाजातून वेल्ह्याकडे उतरलो. ओल्या कातळावर रेलिंग धरून उतरायला चांगलाच वेळ गेला.

वेल्ह्यात जेवताना शेजारच्या टेबलावर मुंबईची पोरं होती. सकाळी आठला तोरणा चढून राजगडाला जायचं म्हणत होती. भाचीनंच खुर्ची वळवली.

"आठला नको, पाचला निघा. तुम्ही उलट जाताय, म्हणजे ढग तुम्हाला समोर दिसेल. तो वाढायला लागला तर बुधल्यावर थांबू नका. खाली धनगरवाडा आहे, तिथं आजी आहेत. त्या सांगतील तसं करा."

त्यातल्या एकानं कागद काढला आणि तिच्याकडून वाट नीट काढून घेतली.