पुराच्या रेषेच्या वर

नृसिंहवाडीत भिंतीवर वायरमन खूण करायला लागला की घरचं माणूस आधी विचारतं, "एकोणीसचं पाणी कुठवर होतं?" कृष्णा-पंचगंगेच्या संगमावरचं आमचं गाव. दत्त मंदिरात नदीचं पाणी पादुकांवरून वाहत दक्षिणद्वारातून बाहेर पडू लागलं की आम्ही श्रद्धेनं स्नानाला जातो. पण ऑगस्ट २०१९ आणि जुलै २०२१ मध्ये तीच नदी घरात शिरली.

लग्नाआधी मी आयटीआयला वायरमन ट्रेड केला होता. सासरी पेढ्यांचं दुकान, त्यामुळं प्रमाणपत्र ट्रंकेत राहिलं. सौर पॅनेल बसवायला शिकवणाऱ्या केंद्र सरकारच्या सूर्यमित्र प्रशिक्षणाबद्दल कळलं, तेव्हा ते बाहेर निघालं. सहाशे तासांचा, तिथंच राहून करायचा अभ्यासक्रम. बायका अडतात त्या इथंच. विजेची भीती नंतरची, आधी पोराला कोण बघणार? माझ्या आत्याबाई म्हणाल्या, "तू जा. पोरगं माझ्याजवळ ऱ्हाईल." ज्यांना असं म्हणणारं कुणी नाही, त्यांच्यासाठी तालुक्याच्या गावी दिवसाची बॅच हवी, असं मला तेव्हापासून वाटतं.

शिकताना सगळ्यांत जास्त धास्ती घेतली ती पॅनेलमधून येणाऱ्या डीसी विजेची. घरातल्या एसी विजेचा प्रवाह सेकंदाला शंभर वेळा शून्यावर येतो, म्हणून तिची ठिणगी लवकर विझते. डीसीची विझत नाही, ताणली जाते. एका पॅनेलचे पन्नासच्या आसपास व्होल्ट. असे दहा सिरीजमध्ये जोडले की पाचशे. आणि ऊन आहे तोवर पॅनेलला बंद करायचं बटणच नाही. त्यामुळं भार चालू असताना कनेक्टर ओढायचा नाही, हे सरांनी इतकं घोकून घेतलं की आजही हात आपोआप आधी आयसोलेटरकडं जातो. पॅनेल पंचवीस किलोंच्या वर, माणसाहून लांब. ते दोघांनी उचलायचं असतं, बाई असो की गडी. कंबरेला हार्नेस बांधून पत्र्यावर पहिल्यांदा उभी राहिले तेव्हा पाय थरथरले, पण खाली उतरावंसं वाटलं नाही.

वाडीला सगळ्यांत उपयोगी पडली ती एक वेगळीच गोष्ट. पुरात वीज गेली तरी गच्चीवरच्या सोलरवर दिवे लागतील, असं इथं अनेकांना वाटतं. साध्या ऑन-ग्रिड, म्हणजे लाइनला जोडलेल्या यंत्रणेत तसं होत नाही. लाइन गेली की इन्व्हर्टर स्वतःहून थांबतो, नाहीतर खांबावर काम करणाऱ्या लाइनमनला झटका बसेल. पुरात दिवा हवा असेल तर बॅटरीची सोय वेगळी करावी लागते. पंतप्रधान सूर्यघर योजनेतून तीन किलोवॅटला ७८,००० रुपये अनुदान मिळतं, हे विक्रेता सांगतो. बॅटरीचं मात्र कुणी सांगत नाही. मी सांगते. आणि इन्व्हर्टर, डिस्ट्रिब्युशन बॉक्स एकोणीसच्या रेषेच्या वर, जमलं तर माडीवर बसवायला लावते. दुपारी घरात बाईच असते. ती मला माडीपर्यंत नेऊन कोनाडे दाखवते, पाणी कुठनं शिरलं ते सांगते. अनोळखी पुरुषाला ती उंबऱ्यावरच थांबवते.

नोकरी शोधायला निघाले तेव्हा एका कंपनीत म्हणाले, "मॅडम, तुम्ही फॉर्म भरा, फोन घ्या. वर पोरं जातील." माझ्यापुरतीच ही गोष्ट नाही. आयरेना या आंतरराष्ट्रीय संस्थेच्या २०१९ च्या अहवालानुसार अक्षय ऊर्जेत बायका ३२ टक्के. त्यातही कार्यालयीन कामांत ४५ आणि तांत्रिक कामांत २८ टक्के. मल्टिमीटर धरायला शिकवायचं आणि हातात फोन द्यायचा, याला मी प्रशिक्षण पूर्ण झालं असं मानत नाही. त्या सहाशे तासांत उमेदवारीचे महिने जोडावेत, आणि ते गच्चीवरच असावेत.

सध्या मी एका ठेकेदाराकडं जोडणीचं काम करते. मजुरी गड्यांइतकीच ठरवून घेतली आहे. कुरुंदवाडची एक मुलगी माझ्याबरोबर येते, नुकताच इलेक्ट्रिशियनचा ट्रेड करून आलेली. पावसाळ्याआधी तिला अर्थिंग तपासणं पक्कं शिकवायचं आहे.