आबान महिन्याचा कागद

सन २०२५ च्या मार्चच्या २१ तारखेस जालन्यांत एका पारशी स्नेह्यांच्या घरीं जाण्याचा योग आला. या सुमारास दिवस व रात्र समसमान होतात. इराणांत तोच वर्षारंभ. हिंदुस्थानांतील बहुतेक पारशांचें नवें वर्ष मात्र ऑगस्टांत येतें. कारण त्यांच्या शहेनशाही पंचांगांत वर्ष ३६५ दिवसांचेंच धरतात, अधिक दिवस घालीत नाहींत. तरी जमशेदी नवरोझही ते आनंदानें पाळतात.

उंबरठ्यापाशीं रांगोळी, दारास फुलांचें तोरण, आंत चांदीच्या तबकांत कुंकू, तांदूळ व नारळ, शेजारीं तेवता दीप. गुढी तेवढी उभारावयाची राहिली, असें मनांत येऊन गेलें! गोड शेवया व रवा झाल्यावर वृद्ध यजमानीणबाईंनीं गुजराथींत एक मोनाजात, म्हणजे प्रार्थनागीत, म्हटलें. यजमानांनीं फिरदौसीच्या शाहनाम्यांतील जमशेदाची कथा सांगितली. हा जमशेद म्हणजे अवेस्तांतील यिम, आपला वेदांतील यम. त्यांचा तो सुवर्णयुगाचा राजा, आपला पितृलोकाचा.

मग मीं बरोबर नेलेला एक कागद पुढें ठेविला. आजोबांनीं विहिरीच्या पाण्याचा वाटा घेतला, त्याचा तो दस्त. वर तारीख आबान १३५५ फसली, म्हणजे सन १९४६ चा सप्टेंबर. निजामाच्या राज्यांत सरकारी वर्ष ऑक्टोबरांत आजूर महिन्यानें सुरू होई, आणि महिन्यांचीं नांवें सारीं इराणी. माझ्या वडिलांना या कागदांचा तिटकारा. मातृभाषा सोडून उर्दूंत शिकावें लागल्याचें शल्य सन १९४८ च्या मुक्तीनंतरही त्यांच्या मनांतून गेलें नाहीं. "परक्यांचीं अक्षरें तीं," म्हणून दप्तर त्यांनीं कधीं उघडूं दिलें नाहीं. ते गेल्यावर मीं हा कागद एका जाणत्याकडून वाचवून घेतला होता.

आबान म्हणजे काय, असें विचारतां बाई सहज म्हणाल्या, "पाणी. तो पाण्याचा महिना, मास्तरसाहेब."

मी चकित झालों. आबान म्हणजे आपः! आपला शब्द नित्य बहुवचनी, आणि आबानही बहुवचनच. मेहर म्हणजे मित्र. बहमन म्हणजे वसु मनस्. तीस वर्षें मुलांकडून शब्दरूपें घोकून घेतलीं, आणि घरच्या पाण्याच्या कागदावरील 'आपः' मला ओळखतां आलें नाहीं!

वडिलांचें दुःख खोटें नव्हतें. जुलूम तो जुलूमच. पण त्यांत शब्दांचा काय अपराध?

परततांना घाणेवाडीच्या तलावावर थांबलों. निजामी अमदानींत पारशी गृहस्थ बेजनजी फरीदूनजी यांच्या प्रयत्नानें झालेल्या या तलावाचें पाणी जालनेकर पिढ्यान् पिढ्या पीत आले. तें पितांना कोणी परकें म्हटल्याचें मला स्मरत नाहीं.

पुढें आठ-नऊ दिवसांनीं पाडवा आला. पंचांगपूजनाच्या वेळीं मीं तो दस्त पंचांगाशेजारीं ठेविला. नातवानें विचारलें, "आजोबा, हा कसला कागद?" मीं म्हटलें, "बैस. आधीं मला 'आपः' चालवून दाखव, मग सांगतों."