चौदा गुण

फौजेच्या भरतीच्या मैदानावर आमच्या आबांना पळवलं, छाती मोजली आणि शेवटी एका डॉक्टरनं हनुवटी धरून तोंड उघडायला लावलं. ही गोष्ट सांगताना ते दर वेळी हसतात. "मला वाटलं, पुसेगावच्या जत्रंत दावणीला उभा हाय. आता इचारतंय, दुसा का चौसा!"

आमच्याकडं बैल घेताना आधी त्याचा ओठ वर करतात. दुधाच्या दातांचा तो आदत, दोन पक्के आले की दुसा, चार आले की चौसा, सगळे आले की जुळलेला. बैलाला वय विचारता येत नाही, आणि मालकाला विचारून उपयोग नसतो.

त्या दिवशी आपले गुण मोजले गेले हे आबांना कुणी सांगितलं नाही. मला ते कळलं आर्मी डेंटल कोअरची वर्दी अंगावर चढल्यावर. भरतीला तोंडात किमान १४ गुण लागतात. पुढचे दात, सुळे, उपदाढा यांना एकेक. पहिल्या-दुसऱ्या दाढेला दोन-दोन. अक्कलदाढ पुरती आली असेल तर दोन, अर्धवट असेल तर एक. बत्तिशी पुरी असली की २२. गंमत अशी की गुण मिळतो तो जोडीला. वरची दाढ लोखंडासारखी असली तरी खाली तिच्यासमोर कुणी नसेल तर ती बाद. कॉलेजात मी एकेक दात सुटा शिकले होते, मेणात कोरला होता, परीक्षेत हातात घेऊन ओळखला होता. एकट्या दाताला काही चावता येत नाही, हे मात्र लष्कराच्या त्या कोष्टकानं शिकवलं.

इंटर्नशिप संपली तेव्हा आमच्या पेठेत दातांच्या दवाखान्याच्या तीन पाट्या होत्या. चौथी लावायची तर खुर्ची, कॉम्प्रेसर, एक्सरे आणि या सगळ्याच्या मागून येणारं कर्ज. 'दात कोरून पोट भरत नाही' ही म्हण माझ्याइतकी कुणी ऐकली नसेल. काका ती नेमकी जेवायला बसल्यावर म्हणायचे. मी जाहिरात पाहून अर्ज केला, दिल्लीला मुलाखत दिली, कॅप्टन म्हणून रुजू झाले आणि लखनौला जाऊन कवायत शिकले. आजीला काही ते पटलं नाही. "शत्रूचे दात घशात घालायचे सोडून आपल्याच पोरांचे उपटाया चाललीस व्हय?"

आजीचं चुकत नव्हतं. मराठीत लढाई आणि दात इतके चिकटून आहेत की हरलेल्यालाही दातीच तृण धरावं लागतं. आणि हे नुसतं बोलण्यातलं नाही. १८५७ च्या त्या बदनाम काडतुसाचा कागद दातांनीच तोडायचा होता. तेव्हा शिपायाचे पुढचे दात म्हणजे बंदुकीचाच एक भाग. तरी सैन्यांनी दंतवैद्य जवळ केला तो फार उशिरा. १९१४ साली फ्रान्समध्ये एन नदीच्या लढाईत ब्रिटिश सेनानी डग्लस हेग यांची दाढ ठणकायला लागली आणि त्यांच्या फौजेबरोबर एकही दंतवैद्य नव्हता. पॅरिसहून बोलवावा लागला. त्यानंतर मात्र दंतवैद्य भराभर निघाले. साहेबाची दाढ दुखल्याशिवाय फायली हलत नाहीत, ही रीत तेव्हापासूनची असावी. आपल्याकडची डेंटल कोअर उभी राहिली १ फेब्रुवारी १९४१ ला, दुसऱ्या महायुद्धाच्या ऐन गर्दीत.

मला दात खऱ्या अर्थानं समजले ते लेहला. थंडीत खुर्चीच्या पाण्याच्या नळ्या गोठायच्या. बधिर करायच्या औषधाच्या काचेच्या नळ्या बुखारीजवळ ठेवून, मग तळहातात धरून कोमट करायच्या. मदतीला असायचा तो 'डोरा', म्हणजे डेंटल ऑपरेटिंग रूम असिस्टंट. माझा डोरा सहा फुटी हवालदार होता आणि आपल्याला डोरा म्हणतात याचं त्याला काहीच वाटत नसे. वर चौकीवर जाणाऱ्या तुकडीचे दात आधी तपासायचे, हे आमचं काम. दुखल्यावर येणारे पेशंट बघायची सवय असलेल्या मला हे अवघड गेलं. न दुखणारं तोंड किती गप्प असतं!

त्यात एक दिवस आमच्याच माण तालुक्यातला एक पोरगा बसला. सुट्टीत गावाकडं रूट कॅनॉल सुरू केलेलं, सुट्टी संपली म्हणून तात्पुरतं सिमेंट भरून निघालेला. "दुखत न्हाई मॅडम, राहू द्या," म्हणाला. मी त्याला समजावलं : उंचीवर हवेचा दाब घटतो, दाढेच्या पोकळीत कोंडलेली हवा फुगते, तिला बाहेर पडायला वाट नसते, इथं गप्प असलेली दाढ तिथं रात्री दोन वाजता बोलायला लागेल, आणि एका दाढेसाठी हेलिकॉप्टर मागवायची पाळी येईल. त्यानं मान डोलावली, लोकरी टोपी काढली आणि पुढचा पाऊण तास ती दोन्ही मुठींत पिळत राहिला. धुणं पिळावं तशी. तोंडातून हूं की चूं नाही. उठल्यावर त्यानं टोपी झटकली, नीट घडी केली आणि विचारलं, "आता जमंल ना वर?" दातांबद्दल त्याला एवढंच हवं होतं.

काम झालं की मी आकडे सांगायचे आणि डोरा तक्त्यावर उतरवायचा. खाली उजवीकडची पहिली दाढ म्हणजे ४६. '४६, चांदी. ३८, नाही.' सुरुवातीला मला ही कारकुनी वाटायची. एकदा वरिष्ठांनी माझा घाईत लिहिलेला तक्ता परत दिला. "हे बिल नाही, कॅप्टन. ही ओळख आहे." दातावरचं इनॅमल शरीरातलं सगळ्यात कठीण द्रव्य. बाकी सगळं ओळखण्यापलीकडं गेलं तरी दात साक्ष देतात. बॉस्टनचा पॉल रिव्हिअर चांदीकाम करायचा, दातही बसवायचा. बंकर हिलच्या लढाईत पडलेल्या जोसेफ वॉरनचं प्रेत १७७६ साली त्यानं आपणच तारेनं बसवलेल्या दातावरून ओळखलं.

माझ्याकडून एकच तक्ता एकदा मागवला गेला. त्याबद्दल मी घरी कधी बोलले नाही, इथंही बोलणार नाही. अक्षर तेवढं तेव्हापासून सुधारलं.

शॉर्ट सर्व्हिसची मुदत पाच वर्षांची, वाढवत नेली तर चौदापर्यंत. मी दहा करून परतले. ग्रॅच्युइटी मिळते, पेन्शन नाही. आता साताऱ्यात माझी पाटी आहे, पेठेतली नववी की दहावी. फौजी येतात, बायकोला घेऊन येतात. त्याचे दात सरकारनं वर्षानुवर्षं तपासलेले; ती मिश्रीनं काळे झालेले दात पदराआड धरून म्हणते, "ह्यांचंच बघा, माझं काय न्हाई." मी तिलाच आधी बसवते.

भावाची मुलगी परवा आली. बीडीएस झालीय, तिलाही डेंटल कोअरमध्ये जायचंय. आता मुलाखतीसाठी निवड नीट-एमडीएसच्या गुणांवरून होते. तिनं सगळं वाचून ठेवलंय. मागे निघालेल्या ३० जागांतल्या २७ पुरुषांना आणि ३ बायकांना ठेवल्या होत्या, यादीत कितीतरी खालचे मुलगे मुलाखतीला गेले आणि वरच्या मुली बाहेर राहिल्या, मग २०२३ साली सर्वोच्च न्यायालयानं सरकारला सुनावलं, हेही. तीच मला तावातावानं सांगत होती. मी म्हटलं, "आधी खुर्चीत बस. तोंड उघड."

जोड्या मोजत गेले. सगळं जागेवर. डावीकडची खालची अक्कलदाढ तेवढी अर्धी वर आलेली, हिरडीची कड अजून अंगावर घेऊन.

"एकवीस."

"आत्या, एक कुठं गेला?"

"यायचाय."

बाहेरच्या बाकावर आबा पेपर वाचत बसले होते. पान उलटल्याचा आवाज आला, आणि मागोमाग त्यांचा : "काय गं, चौसा का जुळलेला?"