चला बोहरी आळीत, पाना घ्यायला!

पुण्याला आलेले पाहुणे काय काय बघतात? शनिवारवाडा बघतात, दगडूशेठ गणपतीला जातात, लक्ष्मी रस्त्यावर खरेदी करतात आणि बाकरवडीचा पुडा घेऊन परत जातात. बोहरी आळीत मात्र त्यांना कुणी मुद्दाम नेत नाही. तिथे ना बाग, ना पुतळा. पण ज्याला हातांनी खुडबुड करायची आवड आहे, त्याच्यासाठी ही आळी म्हणजे मोठं वस्तुसंग्रहालयच! फरक एवढाच, की संग्रहालयात 'वस्तूंना हात लावू नये' अशी पाटी असते आणि इथे हात लावून पाहिल्याशिवाय वस्तू घ्यायचीच नसते.

आज आपण तिथे एका छोट्याशा कामासाठी जाणार आहोत. सायकलच्या चाकाचे नट आवळायला एक पाना घ्यायचाय. "हात्तिच्या, एवढंच?" असं म्हणू नका. साध्या सायकलचं चाक चिमट्यात धरून ठेवतात ते आसाच्या दोन टोकांचे दोन नट. मागचा नट ढिला असेल तर पेडल जोरात मारताच चाक तिरकं होतं आणि चेन पडते. पुढचा ढिला असेल तर काय होईल, ते सांगायलाच नको. तेव्हा पाना नीटच निवडला पाहिजे.

निवड दुकानात नाही, घरीच सुरू होते बरं का! आधी सायकलपाशी बसा. तुमच्या चाकाला नटाऐवजी हाताने उघडायचा खटका असेल, तर त्या चाकाला पाना लागणारच नाही. नट असेल तर तो मोजा. नटाला सहा बाजू असतात. एका सपाट बाजूपासून समोरच्या सपाट बाजूपर्यंतचं अंतर, तोच पान्याचा नंबर. कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत मोजाल तर फसाल. १५ मिलिमीटरचा नट तसा मोजला, तर सतराच्या थोडा वरच भरतो! आसाची जाडीही मोजू नका. १० मिलिमीटर जाडीच्या आसावर बहुधा १५ चा नट असतो. आजच्या पुष्कळ सायकलींना १५ नंबरच चालतो. पण काहींच्या पुढच्या चाकाला १३ किंवा १४ चा नट असतो. म्हणून दोन्ही चाकं मोजायची.

कंपासपेटीतल्या पट्टीने नीट मोजता येत नसेल, तर एक युक्ती करा. जाड पुठ्ठ्याला खाच पाडा आणि ती नटावर घट्ट बसेपर्यंत थोडी थोडी कापत जा. हा पुठ्ठा खिशात टाका. झाली तयारी, निघा!

बोहरी आळी आहे रविवार पेठेत. या पेठेचं जुनं नाव मलकापूर. महात्मा फुले मंडईची अष्टकोनी मनोऱ्याची इमारत तुम्ही पाहिली असेल. ती १८८६ साली सुरू झाली, तेव्हा तिचं नाव होतं रे मार्केट. तिथून चालतच बोहरी आळी गाठायची. आळीला नाव मिळालं ते इथे व्यापार करणाऱ्या बोहरी मंडळींवरून. रस्ता अरुंद, त्यात हातगाड्या, टेम्पो, डोक्यावर ओझं घेतलेले हमाल. "बाजू, बाजू!" ऐकू आलं, की पटकन भिंतीला चिकटायचं. दोन्ही बाजूंना कुलपं, बिजागऱ्या, दोरखंड, रंगाचे डबे, चाळण्या, खिळे... आणि आपल्याला हवे ते पाने!

दुकानदार काकांना नुसतं "सायकलचा पाना द्या" म्हटलंत, तर ते विचारतील, "कुठला?" कारण पान्यांच्या जाती अनेक. आपण एकेक हातात घेऊन पाहू.

पहिला, पत्र्यासारखा चपटा आणि बरीच भोकं असलेला. एकाच पान्यात सगळे नंबर! स्वस्त आणि हलका, पण पातळ. जोर लावला की वाकतो आणि नटावरून निसटतो. घाईच्या वेळी दप्तरात असावा. रोजचा भरवसा ठेवू नये.

दुसरा, स्क्रू पाना. चाक फिरवलं की याचं तोंड लहान-मोठं होतं. स्वीडनमधल्या योहान पेटर योहान्सन यांनी १८९२ मध्ये अशा पान्याचं पेटंट घेतलं. पाना सोयीचा खरा, पण याचा एक जबडा हलता असतो आणि जोर लावताना तो किंचित मागे सरतो. वापरायचाच झाला तर नटाला घट्ट लावायचा आणि जोर नेहमी न हलणाऱ्या जबड्यावर येईल असा फिरवायचा.

तिसरा, दोन्हीकडे उघडं तोंड असलेला फिक्स पाना. एका टोकाला १४, दुसऱ्याला १५. याची गंमत बघा. तोंड दांड्याशी सरळ नसतं, १५ अंशांनी तिरकं असतं. ही कारागिराची चूक नव्हे! कॅरियर किंवा स्टँडच्या दांडीमुळे पाना पूर्ण फिरत नाही. अशा वेळी थोडं फिरवून पाना उलटा करून लावला, की पुढची पकड मिळते. मात्र हा नटाच्या दोनच बाजूंना धरतो.

चौथा, रिंग पाना. हा सहाही कोपऱ्यांना एकदम कवेत घेतो, त्यामुळे नट गोल होण्याची भीती सगळ्यात कमी. गंजून बसलेल्या नटासाठी हाच बरा.

मग कुठला घ्यायचा? एका टोकाला रिंग आणि दुसऱ्याला उघडं तोंड असा जोडपाना मिळतो, तो १५ नंबरचा घ्या. रिंगने सैल करायचं आणि उघड्या बाजूने भराभर फिरवायचं. एकाऐवजी दोन घेतलेत तर उत्तमच, कारण एक नट फिरवताना कधी कधी आसच फिरतो. अशा वेळी पलीकडचा नट दुसऱ्या पान्याने धरावा लागतो.

आता लांबीचं गणित. मागच्या चाकाच्या नटाला साधारण ३० ते ४० न्यूटन-मीटर जोर लागतो. १५ सेंटिमीटरच्या पान्यावर ३० न्यूटन-मीटरसाठी टोकाला जवळजवळ २० किलोचं वजन द्यावं लागेल. पाना ३० सेंटिमीटरचा असेल तर १० किलोतच काम होतं. मग सगळ्यात लांब पानाच का घेऊ नये? कारण लांब पान्याने नकळत जास्त आवळलं जातं आणि नटाचे आटे जातात. १८ ते २० सेंटिमीटर लांबीचा पाना तुमच्या हाताला आणि पिशवीलाही बरा.

काकांकडे मापाचा एखादा सुटा नट मागा आणि पान्यात घालून हलवून बघा. खडखड वाजला तर नको. इंचातला ५/८ चा पाना जवळपास १६ मिलिमीटरचा असतो. तो १५ च्या नटावर बसल्यासारखा वाटतो. पण जोर लावताच कोपरे झिजतात. एकदा नट गोल झाला की कुठलाच पाना त्याला धरत नाही!

घरी आल्यावर चाक मधोमध बसवा आणि दोन्ही बाजूंचे नट आळीपाळीने थोडे थोडे आवळा. दोन्ही नट घड्याळाच्या काट्यांच्या दिशेनेच घट्ट होतात. (डावं पेडल मात्र उलट्या आट्यांचं असतं, हे लक्षात ठेवा.) मग चाक फिरवून बघा, ब्रेक दाबून बघा. पहिल्या वेळी मोठ्या माणसाला शेजारी बसवा.

पाना तसा थोडक्या पैशांची वस्तू. पण तो पिशवीत असला, की सिंहगडाच्या पायथ्याशी चाक ढिलं झालं तरी कुणाची वाट बघावी लागत नाही. सायकल तुमची आहेच. तिच्या नटाचा नंबर पाठ झाला, की ती आणखी थोडी तुमची होते.