आप्पांचं 'पित्त'



आज पिकाची नोंद नाही, माणसाची आहे. लिहू का नको, असं बरेच दिवस चाललं होतं. पण आपल्यातल्या कुणाच्या तरी उपयोगी पडेल म्हणून लिहितो.

मागच्या पोळ्यानंतरची गोष्ट. खुलताबादच्या आमच्या रानात अद्रकीला माती लावायचं काम चालू होतं. दुपारी भाकर-ठेचा खाल्ला आणि थोड्या वेळानं आप्पा, म्हणजे माझे चुलते, छातीवर हात ठेवून बसले. वय साठच्या पुढं, साखर आहे, तंबाखू आहे. म्हणाले, "पित्त खवळलंय रे. सोडा आण."

मी आणला. प्यायले, मोठा ढेकर आला, म्हणाले बरं वाटतंय. लिंबाखाली आडवे झाले. मी परत वाफ्यात. मधून पाहिलं तर सदरा ओला. मी म्हणलं उकडत असेल. आभाळ आलेलं होतं, ऊन नव्हतं, तरी मी असं म्हणलो. दीड तासानं काकू चहा घेऊन आल्या. बघितल्या बघितल्या म्हणाल्या, "पित्तानं कुणाचा सदरा असा भिजतो का? गाडी काढ."

दौलताबादच्या घाटातून शहर गाठलं. पट्टी काढली. हार्ट अटॅक.

आप्पा वाचले. पण हृदयाचा काही भाग कायमचा अशक्त झाला, आता पाठीवर पंप घेता येत नाही. डॉक्टर म्हणाले, सोडा पिऊन ढेकर आला, बरं वाटलं, म्हणून हृदयाचं दुखणं नाही असं धरायचं नसतं. ते दीड तास माझ्या हिशेबात आहेत.

तेव्हापासून हा विषय डॉक्टरांना विचारून समजून घेतला. अन्ननलिका जिथं जठराला मिळते तिथं एक झडप असते, आपल्या पाइपलाइनच्या नॉन-रिटर्न व्हॉल्व्हसारखी. ती ढिली पडली की जठरातलं आम्ल उलटं वर येतं आणि छातीच्या हाडामागं जळतं. तोंडाला आंबट पाणी येतं. पोटभर जेवून लगेच वाकून काम केलं, आडवं झालं, की जास्त. तंबाखू, तळलेलं, वाढलेलं पोट, हे सगळं भर घालतं. कंबर दुखते म्हणून उपाशीपोटी खाल्लेल्या वेदनाशामक गोळ्या तर जठराला जखमही करतात.

हे मलाही होतं. रात्रीचं जेवण झोपायच्या तीन तास आधी उरकतो. बाजेच्या डोक्याकडच्या पायांखाली विटा ठेवल्यात. नुसत्या उशा वाढवून भागत नाही, पोट दुमडतं. बराच फरक पडला.

पण मंडळी, अद्रकीचं पान पिवळं पडलं की आपण लगेच फवारतो का? आधी कंद उकरून बघतो, कूज आहे का म्हणून. छातीचं तसंच आहे.

लगेच १०८ ला फोन करायचा: छातीवर दाब किंवा आवळल्यासारखं, दुखणं हात, जबडा, मान किंवा पाठीकडं जाणं, थंड घाम, दम लागणं, चक्कर. चालताना किंवा ओझं उचलताना छाती भरून येणं आणि थांबलं की कमी होणं, हेही हृदयाचंच असू शकतं; त्याच दिवशी डॉक्टरला दाखवा. बाया, म्हातारी माणसं आणि साखरवाल्यांत दुखणं कमी आणि नुसती मळमळ, थकवा असंही होतं.

याही लक्षणांत थांबू नका: रक्ताची उलटी किंवा डांबरासारखी काळी संडास झाली तर तडक दवाखाना. घास अडकणं, विनाकारण वजन उतरणं, सारख्या उलट्या असतील तर तपासणी लांबवू नका. जळजळ आठवड्यातून दोनदा-तीनदा होते आणि मेडिकलवरची गोळी रोजची झाली आहे, तरी एकदा दाखवून घ्या. वर्षानुवर्षं आम्लानं अन्ननलिकेला जखमा होतात.

फवारणी केल्यावर मळमळ, घाम, तोंडाला लाळ, डोळ्यापुढं अंधारी आली तर ते पित्त समजू नका. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेनं आपली माणसं गेली. अंगावरचे कपडे काढा, साबणानं धुवा आणि औषधाचा डबा सोबत घेऊनच दवाखान्यात जा.

आमच्या मोटारीच्या खोलीत भिंतीवर खडूनं लाइनमनचा नंबर लिहिलेला होता. आता त्याच्या वर, मोठ्या अक्षरात, १०८ लिहिलाय. आप्पा रोज तिथं खुर्ची टाकून बसतात आणि मजुरांना सांगतात, "छातीत काही झालं तर सोड्याच्या आधी ह्याला फोन लावा."

तुमच्या रानातल्या भिंतीवर कुणाचा नंबर आहे, तेवढा आज बघा.