भेगेतली अंगठी

दर्यापूरकडच्या खारपाणपट्ट्यात, एका गावी कपाशीच्या वेचणीत सूनबाईची सोन्याची अंगठी हरवली. संशय गेला शेजारच्या तासातल्या मजूर बाईवर.

मी अमरावतीहून धातुशोधक यंत्र मिळवले. लोहचुंबक सोन्याला धरत नाही. पण या यंत्राच्या वेटोळ्यातले बदलते चुंबकत्व कोणत्याही धातूत वीज खेळवते आणि यंत्र वाजते. 1881 साली ग्रॅहॅम बेलने अमेरिकेच्या जखमी अध्यक्षांच्या अंगातली गोळी शोधायला असेच यंत्र केले होते.

आधी खिळा निघाला, मग तार. तिसऱ्यांदा काळ्या मातीच्या भेगेत, चार बोटे खाली, अंगठी!

सगळे हसले. ती बाई तेवढी हसली नाही. म्हणाली, "सायेब, माह्या इमानाले हुडकाचं यंत्र हाय का?"

सासूबाईंनी पुढे होऊन तिचे हात धरले.

बंधूंनो, आपल्या जमिनीला भेगा पडतात. वस्तू हरवली तर आधी त्या पाहा.